सांगितलेली रजा

कवळीच्या वरच्या ओळीतला डावीकडचा पुढचा दात मेणात सरळ बसत नव्हता — बसे, आणि सुरीचे पाते बाजूला घेताच शेजारच्या दातावर किंचित, नखाच्या कडेइतका, चढे. जणू त्या एवढ्याशा पांढऱ्या दाण्याला स्वतःचे काही मत होते. मास्तरने सुरी दिव्याच्या ज्योतीवर पुन्हा धरली, मेण मऊ केले, दात अंगठ्याने मागे रेटला आणि मान तिरकी करून पाहिले. सरळ. तेवढ्यात समोरच्या टेबलावरचे झिलईचे चाक थांबले, झिलईवाला कशाला तरी मोठ्याने हसला, आणि त्या हसण्यासरशी मास्तरची नजर जी वर गेली ती खाली यायला विसरली.

एवढे हसण्यासारखे काय होते आज? — होते. आज हसण्याचा अधिकार झिलईवाल्याचाच होता.

कवळ्यांच्या या कारखान्यात अठरा माणसे होती, आणि त्या अठरांत मेणात दात बसवण्याचे काम एकोणीस वर्षे मास्तर एकटा करीत आला होता. प्लास्टरकाका तोंडाचे साचे ओतीत. तो त्या साच्यावर मेण चढवून एकेक दात लावी, वरची आणि खालची ओळ पितळी बिजागरीत अडकवून चावा जुळतो की नाही ते पाही. पुढे मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरली जाई. आणि सर्वांत शेवटी ती कवळी झिलईवाल्याच्या हाती जाऊन फिरत्या चाकावर चकाकत बाहेर पडे. गिऱ्हाईक आरशात पाहून म्हणे, काय सुंदर चमक आहे. दात कोणी लावले ते कोणी विचारीत नसे. काम माझे आणि चमक त्याची — हे वाक्य त्याच्या मनात इतक्या वेळा येऊन गेले होते की त्याच्या कडा आता झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

आणि आता तर नियमही त्याचाच झाला होता.

दाराजवळच्या फलकावर पंधरा दिवसांपासून ते परिपत्रक लागले होते. वार्षिक रजेच्या काळात कर्मचारी आजारी पडल्यास, आणि त्याने वैद्यकीय दाखला सादर केल्यास, आजारपणाचे दिवस वार्षिक रजेतून वजा केले जाणार नाहीत. ती रजा त्यास पुढे घेता येईल. गेल्या वर्षातील प्रकरणांसाठी अर्ज करण्याची अंतिम मुदत — आज, सायंकाळी पाच. अर्जदारांची नावे व त्यांचे आजारपणाचे दिनांक फलकावर लावण्यात येतील. खाली साहेबांची सही. परंतु साहेबांचे नाव कोणी घेत नव्हते. सगळे त्याला ‘झिलईवाल्याचा नियम’ म्हणत, कारण दोन महिन्यांपूर्वी रजेवरून परतल्यावर झिलईवाला सरळ हजेरीबाईंच्या खिडकीशी गेला होता आणि म्हणाला होता, “बाई, मी रजेवर नव्हतोच. नऊ दिवस तापात होतो. माझी रजा अजून घ्यायचीच राहिलीय.” हजेरीबाई आधी हसल्या, मग त्यांनी वरच्या कचेरीला पत्र लिहिले, आणि वरून उत्तर आले की त्याचे म्हणणे बरोबर आहे, तो हक्कच आहे, इतकी वर्षे कोणी मागितला नाही एवढेच.

कोणी मागितला नाही! इतके सोपे होते ते. तोंड उघडायचे आणि ‘मी आजारी होतो’ म्हणायचे. तीन शब्द. ते तीन शब्द गेल्या वर्षी माझ्याही जिभेवर होते — होते की नव्हते? — आणि मी ते गिळले.

त्याचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे गेला. घडी केलेला दाखला तिथेच होता. सकाळी बायकोने तो स्वतःच्या हाताने खिशात ठेवला होता, आणि खिशावर दोनदा थोपटले होते.

“अहो, आज शेवटचा दिवस आहे. विसराल.”

“विसरत नाही.”

“पंधरा दिवस तेच म्हणताय. माझी रजा मंजूर होऊन बसलीय पुढच्या महिन्याची. मी एकटीनं जाऊ का नदीवर?” आणि मग, पदराला हात पुसत, जराशा हसऱ्या आवाजात, “या वर्षीची रजा छपरात गेली. छप्पर झालं. आता नदी.”

बावीस वर्षे झाली होती तिला ती नदी पाहून. तिच्या आजोळचे ते गाव. आता तिथे नात्याचे कोणी उरले नव्हते, म्हणून तर जाणे लांबत गेले होते. गेल्या वर्षी तिकिटे काढली, तिने आपल्या शाळेच्या कचेरीतून त्याच्या रजेला जुळवून रजा घेतली — आणि रजेच्या दुसऱ्याच दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ. चौदा दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि चौदा दिवस ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून राहिली. त्याला झोप लागत नसे म्हणून ती बोलत राही. काय बोलणार? नदीविषयी बोले. दोराने ओढायची नाव होती म्हणे तिथे. काठावर लाकडी खांबाला घंटा टांगलेली असे. पलीकडे जायचे असले की घंटा वाजवायची, मग पलीकडून नावाडी ओरडे — येतो, येतो, बहिरा नाही मी! — आणि हळूहळू नाव यायची. पाणी इतके संथ की दोर पाण्यात बुडाला तरी त्याची रेघ दिसायची…

दात पुन्हा चढला होता. त्याने चिडून सुरी ज्योतीवर धरली.

या कारखान्यात एक रीत होती. ती कोणी आणि केव्हा सुरू केली हे कोणालाच ठाऊक नव्हते. रजेवरून परत आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी डब्याच्या सुट्टीत आपली रजा सांगायची. त्याला प्लास्टरकाकांचे उंच स्टूल द्यायचे, त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही, आणि प्रश्न शेवटी विचारायचे. ज्यांना रजा मिळाली नव्हती, किंवा ज्यांची घरातल्या घरात संपली होती, ते ती अशी कानांनी घेत. काही जण चार वाक्यांत उरकीत. झिलईवाला मात्र रंगवून सांगे. गेल्या वर्षी, मास्तरच्या काविळीच्या थोडेच दिवस आधी, झिलईवाल्याने एका डोंगरावरची रजा सांगितली होती, आणि मुकादमासारखा रुक्ष मनुष्यदेखील डबा उघडायचा विसरून ऐकत बसला होता. तेव्हाच मास्तरच्या पोटात दुखायला सुरुवात झाली होती. कावीळ तेव्हाच लागली असली पाहिजे, असे पुढे कधी कधी त्याला वाटे.

मग तो स्वतः परतला. अंग वाळलेले, कातडीवर काविळीचा उरलासुरला मळकट पिवळेपणा. त्याला खरे तेच सांगायचे होते — हे मी शपथेवर सांगतो — पण दारातच प्लास्टरकाकांनी त्याला खालीवर न्याहाळले आणि म्हणाले, “वा मास्तर! उन्हात काय रापलात हो! आम्ही इथं पिठात लोळल्यासारखे पांढरे, आणि तुम्ही बघा.”

तो म्हणाला, “हो.”

एवढेच. ‘हो’. एका अक्षराने मनुष्य कुठल्या कुठे जातो. दुपारी त्याला उंच स्टुलावर बसवले गेले, आणि समोर झिलईवाला हनुवटीला हात लावून बसला होता — तो पुढचा दात, शेजाऱ्यावर किंचित चढलेला, ज्याच्यामुळे त्याचे हसू पाहणाऱ्याला आपलेसे वाटे — आणि मास्तर बोलू लागला. त्याने दोराची नाव सांगितली. घंटा सांगितली. ‘बहिरा नाही मी’ म्हणताच सगळे खो खो हसले. बायको नावेच्या कडेला बसून पाय पाण्यात सोडते, पाणी गार लागून ओरडते आणि मग हसतच सुटते, इतकी की नावाडी दोर ओढायचा थांबून तिच्याकडे पाहतो — हे तर बायकोने कधी सांगितलेच नव्हते. हे त्याच्या तोंडून आपोआप आले, मेणात दात आपोआप जागा घेतो तसे. प्रश्नांच्या वेळी कोणी प्रश्नच विचारला नाही. मुकादम एवढेच म्हणाला, “मास्तर, जगून आलात.” त्या दिवशी झिलईवाल्याच्या चेहऱ्यावर त्याने प्रथमच ती गोष्ट पाहिली जी तो रोज आपल्या चेहऱ्यावरून पुसत असे. हेवा. किती गोड लागला तो! महिनाभर पुरला.

परंतु झिलईवाला अशा गोष्टी पोटात ठेवून कुढणारा मनुष्य नव्हे. तो उठून सरळ त्या नदीवर गेला. या वर्षी, आपल्या रजेत, मास्तरांनी सांगितली म्हणून. आणि तिथे तापाने पडला, आणि परत येऊन उंच स्टुलावर बसून म्हणाला, “यंदा सांगायला काही नाही. आजारी होतो. रजा परत मागतोय.” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! न सांगितलेल्या रजेला टाळ्या! आणि आता परत मिळालेले नऊ दिवस घेऊन तो पुन्हा तिकडेच जाणार होता. ज्या नदीवर माझे पाऊल पडले नाही तिथे त्याचे दोनदा पडणार, ते माझ्या शब्दांचे बोट धरून, आणि मी मात्र खिशात दाखला घेऊन…

कारण दाखला दिला की मुकादमाची सही घ्यावी लागणार. नाव फलकावर लागणार. तारखा लागणार. त्याच तारखा, ज्या तारखांना मास्तर नावेत बसले होते. सतरा माणसे ते वाचतील. कोणी काही बोलणार नाही कदाचित. नुसते डबे उघडतील. ते न बोलणे त्याला आतापासूनच ऐकू येत होते.

“काय चाललंय, मास्तर? आज एकाच कवळीवर दिवस काढणार का?”

मुकादम पाठीशी येऊन उभा राहिला होता. त्याने बिजागरीसकट मेणाची कवळी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले — आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

“अरे, हा तर झिलईवाला हसतोय!”

चाके थांबली. प्लास्टरकाका पांढरे हात हवेत धरून पुढे आले. “बघू, बघू… अगदी तोच की हो! तो डावा बघा कसा अंगावर चढलाय!”

“म्हातारीची कवळी आहे ही,” मुकादम म्हणाला. “सत्तरीची बाई. घरी जाऊन हसली की नातवंडं विचारतील, आजी, हे कोण काका?”

“चुलत भाऊ म्हणून सांगू दे!”

हशा उसळला. मास्तरने हात पुढे करून कवळी मागून घेतली आणि पाहिले. खरेच होते. एक नव्हे — सहाही पुढचे दात. तो चढलेला दात, त्याच्या पलीकडची बारीकशी फट, सुळ्याचा किंचित बाहेरचा कल. सकाळपासून तो ज्याला सरळ करू पाहत होता तो दात वाकडा नव्हताच. बाकीच्या पाचांनी मिळून त्याला तशीच जागा ठेवली होती. माझ्या या दोन हातांनी, मला न विचारता, सकाळभर त्याचे तोंड घडवले. एखाद्या मनुष्याचा मत्सर करणे म्हणजे त्याला इतके पाठ करणे असते काय? बायकोचे हसू मला असे मेणात उतरवता येईल? तिचा कोणता दात पुढे आहे — डावा की उजवा? आठवेना. खरोखर आठवेना.

“मोडतो,” तो म्हणाला. “पुन्हा लावतो.”

“मोडू नका लगेच,” झिलईवाला टेबलाशी येऊन म्हणाला. इतर जण आपापल्या जागी परतत होते. चाके फिरू लागली होती. तो कवळीकडे वाकून पाहत राहिला. “आरशात नाही दिसत हो असं. बरं हसतो की मी.” मग आवाज उतरवून, “मास्तर, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचार.”

“ती घंटा कुठल्या काठाला होती?”

त्याने सुरी दिव्यावर धरली. “अलीकडच्या.”

“तिथं पूल आहे, मास्तर. लोखंडी पूल. अकरा वर्षं झाली म्हणतात. घंटा नाही, नाव नाही, काही नाही. मी दोन माणसांना विचारलं, एकानं तर मला वेड्यात काढलं.”

सुरीचे पाते लाल होऊ लागले तरी त्याच्या ध्यानात आले नाही.

“कुणाला बोललो नाही मी,” झिलईवाला म्हणाला. “बोलणार पण नाही. पहिल्या दिवशी पुलावर उभं राहून तुम्हाला मनातल्या मनात चांगल्या शिव्या दिल्या. मग ताप चढला. विश्रामगृहाची खोली, दाराला कडी धड नाही, पाणी द्यायला चिटपाखरू नाही. एकटा माणूस मी. तेव्हा पडल्या पडल्या तुमची नावच आठवत होतो. बरं वाटायचं. म्हणून तर पुन्हा चाललोय. वेडेपणाच आहे.” तो थांबला. “तुम्हीसुद्धा त्या दिवसांत आजारीच होता ना? तो पिवळेपणा उन्हाचा नव्हता, हे मला तिथं पडल्यावर कळलं.”

मास्तरने लाल झालेले पाते ज्योतीवरून बाजूला घेतले.

“मग अर्ज द्या की. तुमचाही हक्कच आहे तो. लाजायचं काय त्यात? चार दिवस हसतील आणि विसरतील. मला नाही का म्हणत, तापट झिलईवाला?” जायला वळता वळता तो पुन्हा फिरला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हते. “फक्त एक सांगा. घंटा जाऊ दे, नाव जाऊ दे. वहिनींचं ते हसणं — तेवढं तरी खरं ना?”

याला काय करायचे आहे माझ्या बायकोच्या हसण्याशी! — अंगाची लाही झाली. क्षणभर वाटले, ती तापलेली सुरी… पण तो राग उठला तसाच बसला, कारण ते हसणे त्याने स्वतःच रचले होते. झिलईवाला आपल्या चाकाकडे निघून गेला.

मास्तरने सहाही दात उपटून पट्टीवर ओळीने ठेवले, मेण सारखे केले, आणि दुपारभर काम केले. आता दात मुकाट्याने बसत होते. साडेचारला मुकादमाने अर्जाच्या कोऱ्या कागदावर सही केली. न वाचता केली, कारण मास्तरांच्या कागदात वाचण्यासारखे काही असेल असे त्याला कधी वाटलेच नसावे. आणि पाचाला दहा मिनिटे कमी असताना तो हजेरीबाईंच्या खिडकीशी उभा होता.

“मास्तर, तुम्ही?” हजेरीबाईंनी चष्मा कपाळावर सारला. “तुम्ही कशाला? तुमची ती नदीची रजा मी अजून घरी सांगते सगळ्यांना. आमच्या जाऊबाईंनी तर तिकडे जायचं ठरवलंय.” मग त्याने दिलेला सहीचा कागद परत पुढे करीत, “बरं, असेल काही. इथं आजाराचं नाव, इथं तारखा. आणि इथं, त्या दिवसांत राहायला कुठं होता ते. तेवढं नीट लिहा, वरची कचेरी तेच तपासते.”

आजाराचे नाव त्याने लिहिले. तारखा लिहिल्या. तिसऱ्या रकान्यात लिहायचा तो शब्द दोन अक्षरांचा होता. घरी.

लेखणी कागदाला टेकली आणि तिथेच राहिली.

त्याला वाटले होते की येथे उभे राहिल्यावर झिलईवाला आठवेल, हशा आठवेल, फलक डोळ्यांपुढे येईल. तसे काहीच झाले नाही. आठवला तो त्याच्याच गोष्टीतला एक मनुष्य, जो गेल्या वर्षी त्याच तारखांना नावेत बसला होता. अंग उन्हाने रापलेले, डोळे पांढरेशुभ्र. ज्याची गोष्ट बाईंच्या घरी सांगितली जाते आणि जिच्यामुळे तापातही कोणाला बरे वाटते. झिलईवाल्याचा मी काय मत्सर केला! खरा मत्सर तर याचा. वर्षभर लोक माझ्याकडे पाहत होते तेव्हा याच्याकडे पाहत होते. आणि आता दोन अक्षरांनी मी त्याला…

पण मग तिची आठवण झाली. नावेच्या कडेला बसून हसणारी ती — ती कोण होती? ती माझी बायको नव्हे. माझी बायको तेव्हा स्टुलावर बसून होती; तिचा घसा बोलून बोलून बसला होता, आणि तिची चौदा दिवसांची रजा माझ्या उशाशी संपत होती. तिने मला झोप यावी म्हणून आपली नदी दिली. ती घेऊन मी दुसऱ्याच एका बाईला फिरवून आणले; तिचे पाय त्या पाण्यात बुडवले; तिला हसवले; आणि सतरा माणसांना ते दाखवले. आजतागायत सगळे जण त्या बाईविषयी विचारतात. स्टुलावरच्या बाईविषयी कोणी विचारलेले नाही, कारण ती आहे हे मी कोणाला सांगितलेलेच नाही.

हे तिला कळले तर? पूल झाला आहे, एवढे तिला सोसेल. पण ती दुसरी… आणि तेव्हा, एवढ्या वर्षांत कधी न झालेली गोष्ट त्याच्या छातीत झाली: त्याला मत्सर वाटला, जुना, ओळखीचा — पण तो त्याचा स्वतःचा नव्हता. तो तिचा होता. तिला अजून ठाऊकही नसलेला. तिच्या वतीने तो त्याला इथे, या खिडकीशी, एकट्याला वाटत होता, आणि त्याच्यात गोड असे काहीच नव्हते.

“मास्तर,” हजेरीबाई हलकेच म्हणाल्या, “पाच वाजतायत.”

लेखणीखाली शाईचा ठिपका कागदात पसरत चालला होता. त्याने हात उचलला नाही.